सोळा जणींची यादी

गिरणीच्या मागच्या मैदानाला आता तारेचं कुंपण आहे. गेल्या महिन्यात कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी तीन दिवस सोलापूरला होते. आमचं स्वतःचं घर तिथं उरलेलं नाही, भाऊ वडिलांना घेऊन पुण्याला गेला, त्यामुळे स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले होते. शेवटच्या दिवशी प्रशिक्षण दहालाच आटोपणार होतं आणि गाडी संध्याकाळची होती. पहाटेच जाग आली, म्हणून चालत निघाले. शुक्रवार पेठेतून जाताना एका बोळातून मागांची खटखट ऐकू आली. पूर्वी ती दहा बोळांतून यायची आणि एकमेकींत मिसळून एकच आवाज व्हायचा. आता ती एकट्या मागाची होती, मोजता येण्यासारखी. सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास मात्र तोच होता. त्या वासाबरोबर पाय आपोआप डावीकडे वळले.

मी या मैदानावर बेसबॉल खेळत होते. हे सांगितलं की लोक आधी क्रिकेट समजतात, मग हॉकी समजतात. नांदेडच्या आमच्या कार्यालयात वीस वर्षं होत आली, तरी तिथले शिपाई अजून मला ‘त्या हॉकीवाल्या मॅडम’ म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. कॅचर होते मी. फलंदाजाच्या मागं उकिडवं बसून पिचरनं टाकलेला बॉल झेलायचा, एवढं काम. तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा असायचा. आमच्याकडे तो एकच होता आणि माझ्याआधी तो ज्यांनी ज्यांनी घातला त्या सगळ्यांच्या घामाचा वास त्याच्या पट्ट्यात मुरलेला होता. आजही पावसाळ्यात खिडकीच्या गजाला नाक लागलं की तो मुखवटा आठवतो.

संघ शहरातल्या एका छोट्या क्लबचा होता, पण राज्याच्या स्पर्धेला आम्हीच ‘सोलापूर’ म्हणून जायचो, कारण दुसरं कुणी नव्हतं. अकरा ग्लोव्ह होते, त्यांतले दोन डावखुऱ्यांचे, आणि डावखुरी आमच्यात एकही नव्हती. उन्हाळ्यात ग्लोव्हचं चामडं पापडासारखं कडक व्हायचं. त्याला आम्ही घरून आणलेलं खोबरेल तेल चोळायचो, त्यामुळे आमच्या हातांना कायम वेणीफणीचा वास यायचा. बेस म्हणजे वाळू भरलेली सिमेंटची पोती. मैदानावरच्या पांढऱ्या रेषा सुनंदा मारायची. डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून त्यात ती चुन्याची फक्की भरायची आणि वाकून, मागं मागं सरकत रेष ओढत न्यायची. तिची रेष दोरी न लावताही सरळ यायची.

सुनंदा आमची कॅप्टन. वयानं आम्हा सगळ्यांत मोठी, चोवीसची. अंगानं भरलेली, सावकाश बोलणारी, आणि मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. पहाटे ती पाच घरांची दारं ठोठावत यायची. माझं तिसरं. आई दार उघडायच्या आधी म्हणायची, ‘‘आली बघ तुझी सुनंदा.’’ कुणाच्या घरचे पाठवत नसले तर ही जाऊन त्यांच्या ओट्यावर बसायची. वाद घालायची नाही. चहा प्यायची, घरातल्या म्हातारीची विचारपूस करायची आणि उठताना म्हणायची, ‘‘मग उद्या सहाला पाठवता न्हवं?’’ बहुतेक जण पाठवायचे.

आणि तरी आम्ही हरायचो. तीन वर्षं आम्ही एकही सामना जिंकला नव्हता. थोडक्यातही हरायचो नाही, सतरा विरुद्ध एक असं हरायचो. स्पर्धेचं वेळापत्रक भिंतीवर लागलं की आमच्या नावासमोर ज्यांचं नाव येई त्या मुली एकमेकींच्या हातावर टाळी द्यायच्या. ते आम्हाला दिसायचं. परतीच्या एसटीत सुनंदा डबा उघडायची. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. सगळ्यांना तुकडा तुकडा मिळेपर्यंत ती स्वतः खात नसे. ‘‘पुढच्या मॅचला बघू,’’ म्हणायची. माझे वडील मागावर कामाला होते. एकदा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘हरायला एवढ्या लांब कशाला जायचं? हितं बी हरता येतंय की.’’ दुसऱ्या दिवशी पहाटे सुनंदा दार ठोठावायला आली.

चौथ्या वर्षी जूनमध्ये महादेवीबाई आल्या. अक्कलकोटकडून बदली होऊन शहरातल्या मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून लागल्या होत्या आणि क्लबच्या लोकांनी संघ त्यांच्या गळ्यात घातला होता. पन्नाशीच्या, बुटक्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिले तीन दिवस त्या कडुनिंबाखाली उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला गोल बसवलं.

‘‘मला हा खेळ येत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी खो-खोची बाई. पण एक विचारते. तुम्ही एवढ्या जोरात बॅट का फिरवता?’’

‘‘मारायचा असतो, बाई,’’ सुनंदा म्हणाली.

‘‘लागतोय का?’’

कुणीतरी हातातली बॅट मागं सरकवली.

‘‘न मारता पळायला मिळतं का?’’

मग सुनंदानं त्यांना बंट समजावून सांगितला. बॅट फिरवायची नाही, आडवी धरायची आणि बॉल नुसता थोपवायचा. तो समोर चार हातांवर मातीत पडतो. समोरच्यांनी धावत येऊन तो उचलून पहिल्या बेसवर फेकायच्या आत आपण तिथं पोचायचं. पोचलो तर वाचलो. पुढं पिचर दुसरीला बॉल टाकत असतानाच पळत सुटून पुढचा बेस गाठता येतो, त्याला बेस चोरणं म्हणतात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेला पदर खोचला.

‘‘हे तर आपलंच काम,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बॅटी ठेवा आत.’’

दीड महिना बॅटी आतच राहिल्या. आम्ही पळत होतो. पोत्याला वळसा घेताना खांबाला वळसा घेतल्यासारखं अंग आत झुकवायचं, पाय कधी टाकायचा, समोरच्याला एका बाजूला जातोय असं दाखवून दुसरीकडे कसं सुटायचं, हे सगळं त्यांनी खो-खोतून आणलं. आम्ही पळायला लागलो की त्या कानडीत ओरडायच्या, ‘‘ओडु! ओडु!’’ म्हणजे पळ. दमून कुणी खाली बसली की जवळ येऊन हळू म्हणायच्या, ‘‘साकु.’’ म्हणजे पुरे. पहिला शब्द दिवसातून शंभरदा यायचा, दुसरा एकदा. जुलैत ती काळी माती बुटाच्या तळव्याला चिकटून एकेक पाय किलोभराचा व्हायचा. घरी गेल्यावर आई मला न्हाणीबाहेर उभी करून पायावर पाणी ओतायची.

आमची पिचर पद्मा होती. तेलुगू घरातली, आई विड्या वळायची. पद्माही सकाळचा सराव संपला की दुपारपर्यंत आईबरोबर मांडीवर सूप घेऊन बसायची. तिच्या केसांना, ओढणीला, टाकलेल्या बॉललासुद्धा तंबाखूचा वास असायचा. मी तो बॉल झेलायचे, त्यामुळे माझ्या ग्लोव्हलाही. पुढं आमचं नाव झाल्यावर कुणीतरी छापलं की विड्या वळून वळून तिच्या बोटांत ही करामत आली. पद्मा वाचून हसली होती. तिचा हात तयार झाला तो हापशावरून घागरी भरून दोन मजले चढवण्यानं. विड्यांनी तिची बोटं नुसती दुखायची.

दिवाळीनंतर रेखा आली. मोहोळजवळच्या एका वस्तीवरची, सतरा वर्षांची, वडील दुसऱ्यांच्या उसात तोडणीला आणि बाकी वेळ स्वतःच्या दीड एकरात. पहाटेच्या पहिल्या एसटीनं ती यायची आणि सराव करून परत कॉलेजला जायची. तिला बाईंनी कुठल्याशा शाळेच्या स्पर्धेत पळताना पाहिलं होतं. ग्लोव्ह डाव्या हातात घालतात, तिनं तो पहिल्यांदा उजव्याच हातात घातला. पण ती पळाली की आम्ही थांबून बघायचो. तिच्या पळण्याला आवाज नव्हता.

तिला सगळं शिकवलं सुनंदानं. बेसकडे अंग झोकून कसं घसरायचं, हे शिकवायला तिनं मैदानाचा एक कोपरा पाणी मारून चिखल केला आणि वर गोणपाट टाकलं. आधी स्वतः घसरून दाखवलं. सुनंदा त्या गोणपाटावर धप्पदिशी आपटली, आम्ही हसलो, तीही हसली. मग रेखा घसरली, आणि ती थेट पोत्यापाशी जाऊन, पोत्याला पाय लावून, त्याच झोकात उभी राहिली. कुणी हसलं नाही. सुनंदानं तिच्या पाठीवरचा चिखल झटकला.

डिसेंबरात सांगलीला विभागाच्या स्पर्धा झाल्या. पहिल्या सामन्यात पहिल्या पाच जणींनी ओळीनं बंट मारले. समोरच्या मुली लांब उभ्या होत्या, मोठ्या फटक्यांच्या तयारीत. त्या धावत पुढं येईपर्यंत आमची मुलगी बेसवर. तिसऱ्या बंटनंतर पंच बाईंकडे आले. ‘‘मॅडम, हे काय चाललंय?’’

‘‘नियमात बसतं ना?’’

‘‘बसतं.’’

‘‘मग झालं,’’ बाई म्हणाल्या आणि पुन्हा ‘ओडु’ म्हणून ओरडल्या.

तो सामना आम्ही नऊ विरुद्ध आठ असा जिंकला. जिंकल्यावर काय करतात हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही रांगेत उभ्या राहून हात मिळवले आणि सवयीप्रमाणे लगेच सामान आवरायला लागलो. सुनंदा एकटी मैदानाच्या मध्ये उभी होती. मी बोलवायला गेले तर म्हणाली, ‘‘थांब की जरा. बघू दे.’’ बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. रिकामं मैदान होतं, आणि आमच्या बुटांनी विस्कटलेली रेष.

त्यानंतर दोन सामने जिंकले, एक हरलो आणि राज्याच्या स्पर्धेला गेलो. या वेळी आम्ही नुसतं जायचं म्हणून जात नव्हतो. राज्यात पहिल्या तिघांत येणाऱ्या संघाच्या खेळाडूंना जे प्रमाणपत्र मिळतं, त्यावर सरकारी नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागेसाठी अर्ज करता येतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. हरणाऱ्या संघाला ते ठाऊक असून उपयोग नसतो, म्हणून आम्ही तोवर त्याबद्दल बोललो नव्हतो. आता कुजबुज सुरू झाली. पद्माची आई, जिनं कधी मैदान पाहिलं नव्हतं, तिनं मला थांबवून विचारलं, ‘‘तिसरा नंबर आला तरी चालतो ना?’’ अडचण एकच होती. संघात सोळा नावं देता येतात आणि आम्ही सतरा होतो. सांगलीला रेखा नवीन म्हणून यादीबाहेर राहिली होती.

स्पर्धा नाशिकला होत्या. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. रेखा मोहोळला चढणार होती. बाईंनी तिला बॅग भरून स्टँडवर थांब एवढंच सांगितलं होतं. यादीबद्दल कुणी विचारायला धजलं नव्हतं, सगळ्या आपापल्या मनात मोजत होत्या. सुनंदा माझ्या पुढच्या बाकावर खिडकीशी बसली होती, नारिंगी ओढणी तोंडावरून घेऊन. वाऱ्याला अडवायला घेतली असेल, झोपली असेल, असं मला वाटलं.

मोहोळला रेखा चढली. तिची बॅग म्हणजे खताची धुतलेली पिशवी होती. ती दारातच उभी राहिली. बसावं की नाही हे तिला कळत नसावं. गाडी सुटल्यावर बाई पुढच्या बाकाचा दांडा धरून उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘पोरींनो, यादी द्यायची आहे. सुनंदानं स्वतःचं नाव काढून रेखाचं घातलंय. ती आपल्याबरोबर येणार, स्कोअर लिहायला.’’

मग पद्मानं टाळी वाजवली, मग आम्ही सगळ्यांनी. सुनंदानं तोंडावरची ओढणी काढली आणि सरकून रेखाला जागा दिली. कंडक्टरनं मागं वळून विचारलं, ‘‘कुणाचं लगीन ठरलं का?’’

नाशिकला आम्ही उपांत्य सामना हरलो. चांगल्या संघाशी हरलो, पण सतरा-एक नाही, सहा-चार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या नंबरसाठी विदर्भातल्या एका संघाशी गाठ होती. थंडी होती आणि गवतावर दव होतं, आमच्या मैदानावर गवत नसल्यामुळे आम्हाला पाय घसरायचीच भीती. शेवटच्या डावात चार-चार बरोबरी, आमची फलंदाजी, रेखा तिसऱ्या बेसवर, एक बाद. बॅट माझ्या हातात. रेखा होमवर, म्हणजे मी बॅट घेऊन उभी होते त्या शेवटच्या बेसवर, आली की सामना संपला.

मला बाईंकडे बघायची गरज नव्हती. समोरच्या मुलींनाही ठाऊक होतं काय येणार, त्या पुढं सरकून उभ्या होत्या. पद्मा म्हणायची की कॅचरला पिचरच्या खांद्यावरून कळतं बॉल कुठं येणार. त्या दिवशी मला ते कळलं. बॉल आत आला, मी बॅट आडवी धरली, मनगटं सैल सोडली. टप्प असा एक बारीकसा आवाज. बॉल दवात भिजून जड झाल्यासारखा दोन हातांवर पडला आणि हललाच नाही. मी पहिल्या बेसकडे पळाले. पाठीमागं काय झालं ते मी पाहिलेलं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण माझ्या पाठीमागं झाला. मला फक्त ‘ओडु’ ऐकू आलं, आणि मग आलेला आरडाओरडा. समोरच्यांनी बॉल पहिल्या बेसवर फेकला आणि मी बाद झाले, पण तोवर रेखा होमवर घसरून आलेली होती. वळले तेव्हा ती ओल्या मातीत बसली होती आणि पोरी तिच्या अंगावर पडल्या होत्या. कडेच्या टेबलाशी सुनंदा मान खाली घालून लिहीत होती. तिनं ती धाव नोंदली, माझं बाद होणं नोंदलं, खाली रेष मारली, पेनाला टोपण लावलं आणि मग ती उठून पळत आली.

दुपारी प्रमाणपत्रं आली ती कोरी होती. नावं आमची आम्हीच घालायची होती. तिथल्या एका कार्यकर्त्यानं विचारलं, ‘‘कुणाचं अक्षर चांगलं आहे?’’ आम्ही सगळ्यांनी सुनंदाकडे बोट दाखवलं. त्या वेळी त्यात काही गैर आहे असं आमच्यातल्या एकीलाही वाटलं नाही. ती सतरंजीवर मांडी घालून बसली, मांडीवर स्कोअरची वही घेतली आणि एकेक प्रमाणपत्र त्यावर ठेवून सोळा नावं लिहिली. काळी शाई. प्रत्येक झाल्यावर फुंकर मारून बाजूला ठेवायची. माझ्या आडनावातल्या वेलांटीला तिनं लांब शेपूट काढलं होतं. मी म्हटलं, ‘‘एवढं कशाला?’’ तर म्हणाली, ‘‘उठून दिसू दे की.’’

त्या कागदावर मला नोकरी लागली. रेखा पोलिसात गेली, आता हवालदार आहे. आणखी तिघी-चौघींचं झालं. पद्माचं झालं नाही, ती लग्न होऊन भिवंडीला गेली. तिच्या लग्नात आम्ही सगळ्या भेटलो, तेवढंच. महादेवीबाई निवृत्त होऊन अक्कलकोटला राहिल्या आणि तिथंच वारल्या. मला ते चार महिन्यांनी कळलं. संघ पुढच्या वर्षी विस्कटला आणि क्लबही बंद पडला. सुनंदाला मी सुरुवातीला पत्रं लिहिली, नंतर दिवाळीला फोन, नंतर तेही राहिलं. पण तिची गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगितली. कार्यालयाच्या क्रीडादिनाला, भाचीच्या शाळेत, एकदा तर निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोप समारंभातही. स्वतःचं नाव खोडून दुसरीचं लिहिणारी कॅप्टन. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणवायचे. माझेही.

तर गेल्या महिन्यात त्या कुंपणाच्या फाटकातून मी आत गेले, आणि आत पोरी पळत होत्या. वीसेक असतील. कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत सुनंदा बसली होती. केस अर्धे पिकलेले, चष्मा, सलवार-कमीज, मांडीवर वही. तिनं मला लगेच ओळखलं. उठली नाही. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी काढून खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘बस. लई वाळलीस की.’’

ती शाळांचे गणवेश शिवते. पेठेतच दोन मशीनं आहेत. नवरा टॉवेलच्या कारखान्यात आहे, मुलगी पुण्यात नर्सिंगला. सकाळी सहा ते आठ मैदान. सहा वर्षांपूर्वी तिनं पुन्हा संघ उभा केला. पहिली चार वर्षं हरल्या. ‘‘तुला म्हायतीच हाय ते,’’ म्हणाली. गेल्या वर्षी दोन सामने जिंकले आणि यंदा विभागातून निवडून राज्याला चालल्या होत्या. मी नाशिकची गोष्ट काढली. मी म्हटलं, तू केलंस ते मी अजून लोकांना सांगते. स्वतःचं नाव काढायला केवढं मन लागतं.

तिनं एका पोरीला हाक मारून वळसा आतून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, ‘‘मी कुटं काढलं?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘बाईंनी काढलं. सोलापूरच्या स्टँडवर, गाडी लागल्यावर सांगितलं मला. सुनंदा, तुझं नाव न्हाय घेतलं, येतीस का? मी काय म्हणणार? बॅग हातात हुती. बसले. मोहोळपर्यंत रडले.’’

‘‘पण बाई तर बसमध्ये...’’

‘‘त्या काय बोलणार हायत मला म्हायत नव्हतं. तुमी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या वाजवल्यावर काय सांगायचं?’’

मैदानात बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचे आवाज येत होते. ती माझ्याकडे न बघता सांगत होती, जसं कापड किती मीटर लागेल ते सांगावं.

‘‘रेखा माझ्यापेक्षा चांगली हुती. ते मला तवाबी कळत हुतं. बाईंचं बरोबर हुतं. पण मी दिलं न्हाय गं. माझ्याकडनं घेतलं. आणि वर सगळ्यांनी मला चांगलं म्हटलं, मग रागवायची बी सोय राह्यली न्हाय.’’

‘‘बाईंना कधी विचारलंस?’’

‘‘अक्कलकोटला गेलते एकदा. त्यांनी शेंगापोळी खायला घातली. दोघी बी त्यावर बोललो न्हाय. येताना दारापर्यंत आल्या आणि माझा हात धरून लई वेळ उभ्या राह्यल्या. मला वाटलं आता बोलतील. म्हणाल्या, गाडी चुकंल तुझी.’’

आठ वाजता पोरी गेल्या. सुनंदानं वही मिटली आणि म्हणाली, यंदा एकोणीस जणी आहेत आणि नावं सोळा. काल रात्री ठरवली. बोर्डावर लावत नाही, आधी तिघींच्या घरी जाऊन सांगते, मग बाकीच्यांना. दुपारी जाणार होती. मी म्हटलं, मीही येते. प्रशिक्षण दहाला आटोपलं, लॉजवरून सामान घेतलं आणि तिच्या दुकानात गेले. मशीनवर निळ्या स्कर्टांचा ढीग होता, नव्या कापडाचा खळीसकट वास. तिनं शटर अर्धं ओढलं.

पहिलं घर आफरीनचं. बोळाच्या टोकाला, वर पत्रा, दारात पुदिन्याची कुंडी. आईनं आम्हाला पलंगावर बसवलं आणि चहा टाकला. आफरीन सोळा-सतराची, उंच. सकाळी मैदानात तिला मी पाहिलं होतं, लांबून फेक चांगली होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आम्ही का आलो हे तिला कळलेलं दिसत होतं.

‘‘आफरीन, यादीत तुझं नाव न्हाय,’’ सुनंदा म्हणाली. ‘‘मी काढलंय, दुसऱ्या कुणी न्हाय. तुझा हात चांगला हाय, पण तू बॉल यायच्या आधी डोळे मिटतीस. ते सहा महिन्यांत सुधारंल. आत्ता सुधारलेलं न्हाय.’’

चहा उकळायचा आवाज येत होता. आफरीननं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

‘‘मला राग आलाय,’’ ती म्हणाली.

‘‘येऊ दे.’’

‘‘मी नाही येणार मॅडम तुमच्याबरोबर. मागच्या वेळी ती दीपा आली होती तशी. पाण्याच्या बाटल्या भरायला.’’

‘‘नको येऊ.’’

‘‘टाळ्या पण नाही वाजवणार.’’

‘‘बरं.’’

तिची आई आतून म्हणाली, ‘‘ऐसा बोलते क्या मॅडम से?’’ सुनंदानं हातानंच तिला राहू दे म्हटलं. आम्ही चहा प्यायलो. आफरीन तिथंच उभी होती, तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसले नाहीत. आम्ही चपला घालायला लागलो तेव्हा ती दारापर्यंत आली.

‘‘तुम्ही परत आल्यावर सराव कधी?’’

‘‘सोमवारी. सहाला.’’

ती आत गेली.

आम्ही बोळातून बाहेर पडलो. कोपऱ्यावर सुनंदानं चष्मा काढला, ओढणीनं काचा पुसल्या, उजेडात धरून बघितल्या. मला वाटलं ती रडली असेल. पण ती हसत होती.

‘‘कशी तोंडावर बोलली बघ,’’ ती म्हणाली. ‘‘मला आलं असतं का?’’

मग तिनं माझ्या हातातली बॅग घेऊन स्वतःच्या खांद्याला अडकवली. माझ्या गाडीला अजून तीन तास होते. आणखी दोन घरं राहिली होती.